शाहूवाडीतल्या दीड एकराला साठ हजार: एकदम, महिन्याला, की म्हैस?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम भागात. गावी चुलतभाऊ, त्याची बायको, दोन शाळकरी मुलं आणि त्याची म्हातारी आई. जमीन दीड एकर, सगळी पावसावरची. एकरभर भात, वीस गुंठे नाचणी, दावणीला एक भाकड म्हैस. विचारणाऱ्यांची वर्षाला ६०,००० रुपये द्यायची तयारी आहे. ते एकदम द्यावेत, महिन्याला पाच हजार द्यावेत, की सरळ दुभती म्हैस घेऊन द्यावी? शिवाय दोन शंका: पैसे दारूत तर जाणार नाहीत ना, आणि सरकार खात्यात पैसे टाकतंयच तर आपल्या पैशाने वेगळं काय होणार?

म्हशीवर येतोच, पण त्याआधी एक गोष्ट. तुम्ही रक्कम ठरवली आहे आणि ती कशी द्यायची एवढंच विचारताय. माझ्या मते विचारायला हवं ते असं: या घरात पैसा वर्षातल्या कोणत्या महिन्यांत संपतो, आणि तेव्हा तो कोण देतो, काय दराने देतो? पोटापुरती शेती करणारं घर वर्षभर सारखं गरीब नसतं. दिवाळीनंतर घरात भात असतं, उसाच्या पट्ट्यात तोडीची कामं निघतात, हात चालतो. आखाड ते भादवा या दिवसांत तेच घर किराणावाल्याकडे वही लिहून घेतं. रोख मदतीचा खरा परिणाम या तीन-चार महिन्यांत काय टळलं यावर ठरतो. त्यामुळे पहिल्या वर्षी नवीन काही उभं राहिलेलं दिसणार नाही. होणारं नुकसान थांबलेलं दिसेल, आणि तेही बारकाईने पाहिलं तरच.

बाहेरून सांगता येणार नाही अशा बाबी बऱ्याच आहेत. घरावर खाजगी कर्ज आहे का, सोनं गहाण आहे का, सातबारा कोणाच्या नावावर आहे, रेशनकार्ड कोणतं आहे, चुलतभाऊ बाहेर कामाला जातो का, कोणाचं आजारपण चालू आहे का. यातलं एक उत्तर बदललं तरी खालची वाटणी बदलेल. विशेषतः कर्जाचं.

कर्जापासूनच सुरुवात करू, कारण इथला हिशेब सगळ्यात उघड आहे. सोसायटीचं पीककर्ज हा इथे त्रास नव्हे. ते मुदतीत फेडलं तर आपल्याकडे तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्याने पडतं. पण दीड एकर जिरायतीला सोसायटी देते ती रक्कम लहान, आणि ती दवाखान्यासाठी, बारशासाठी किंवा घर शाकारण्यासाठी मिळत नाही. त्यासाठी गावातला माणूस लागतो आणि तो शेकडा तीनने देतो, कधी शेकडा पाचने, दर महिन्याचा. वीस हजार शेकडा तीनने घेतले असतील तर वर्षाचं व्याज ७,२०० रुपये. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० त्याला पुरत नाहीत. शेकडा पाचने घेतले असतील तर व्याज १२,०००, म्हणजे पीएम-किसान आणि नमो शेतकरी असे दोन्ही मिळून वर्षभरात येणारे सगळे पैसे. मुद्दल जागच्या जागी. अशा घरात सरकारी हप्ता आला तरी काही बदललेलं दिसत नाही आणि मग लोक म्हणतात, फुकटचा पैसा टिकत नाही. पैसा टिकत नाही हे खरंच, पण तो कुठे गेला हे कोणी विचारत नाही.

म्हणून घरावर असं कर्ज असेल तर तुमच्या साठ हजारांतले पहिले वीस हजार तिकडे. वर्षाला ७,२०० ते १२,००० वाचवणारी दुसरी कोणतीही गुंतवणूक त्या दीड एकरात नाही. म्हैस नाही, ठिबक नाही, काही नाही. फेडताना मात्र दोन गोष्टी बघा. एक, फेड तुमच्या हाताने करू नका, भावाच्या हातानेच होऊ द्या. नाहीतर पुण्याचा पाहुणा मागे उभा आहे हे दिसलं की आकडा वाढतो. दोन, कोरा चेक, सही केलेला कोरा स्टँप, जमिनीचा कागद असं काही दिलेलं असेल तर पैसे मोजण्याआधी ते समोर ठेवायला लावायचं. ‘नंतर देतो’ म्हणाला तर फेडही नंतर. समोरचा परवानाधारक सावकार नसेल आणि अडवणूक करत असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. गावात राहायचं असल्याने लोक ती टाळतात. तो निर्णय त्यांचा. सगळं फिटत नसेल तर उरलेलं सोनेतारणावर किंवा ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटातून घेऊन वळतं करा. बँकेचं सोनेतारण साधारण शेकडा एकच्याही खाली बसतं.

आता पावसाळा. रोख पैसा शेतात नेमका कसा काम करतो ते जवळून बघायचं तर भाताचं बघा. जूनमध्ये तरवा, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकला की रोप २१ ते २५ दिवसांचं असताना लावण व्हायला हवी. लावण लांबली की रोप वाफ्यातच वयात येतं आणि फुटवे कमी निघतात. लावण लांबते ती नेहमी पावसाने नाही. घरात पीठ-मीठ नसेल तर नवरा-बायको आधी दुसऱ्याच्या लावणीला जातात, कारण तिथे संध्याकाळी रोख मिळते. स्वतःचं शेत पैऱ्यावर, म्हणजे एकमेकांकडे आळीपाळीने राबून, किंवा उरलेल्या दिवशी. म्हणजे तालुक्यात मजुरीला सर्वांत जास्त मागणी असते त्याच आठवड्यात हे घर आपलं शेत मागे ठेवतं.

त्यानंतर भांगलण, म्हणजे तण काढणं. लावणीनंतर साधारण तीन-चार आठवड्यांत एक भांगलण होऊन लगेच युरियाचा दुसरा हात पडायला हवा. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश ही शिफारस धरली तर एकराला ४०:२०:२० येतं. स्फुरद आणि थोडं नत्र डीएपीच्या एका पोत्यात भागतं, उरलेल्या नत्राला युरियाची दीड पोती लागतात. अर्धं पोतं लावणीला, अर्धं महिन्याने, अर्धं पोटरीत येण्याआधी. पालाश वेगळं घ्यावं लागतं आणि बहुतेक जण ते घालतच नाहीत. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांचं, म्हणजे अर्धं पोतं १३३ रुपयांच्या आसपास. तेवढ्यावर कोणाचं अडत नाही. अडतं ते भांगलणीवर. एकराला आठ-दहा बायकांचे दिवस लागतात. मजुरी तीनशे धरली तर अडीच ते तीन हजार रुपये, आणि हे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. भांगलण न करता युरिया टाकला तर तो तणालाच जास्त पोसतो, म्हणून शहाणा शेतकरी थांबतो, आणि थांबता थांबता वेळ निघून जाते. उधारीवर खत घेणाऱ्याच्या गळ्यात दुकानदार सोबत एखादी बाटली मारतो, ते वेगळंच. रोख देणाऱ्याला निदान नको म्हणता येतं.

झांबियात छोट्या शेतकऱ्यांना टंचाईच्या महिन्यांत थोडं कर्ज, पैशाच्या किंवा मक्याच्या रूपात, देऊन हेच तपासलं गेलं होतं. कर्ज मिळालेल्या घरांनी दुसऱ्याकडे मजुरीला जाणं कमी केलं, स्वतःच्या शेतात जास्त दिवस घातले, उत्पन्न वाढलं आणि गावात मजुरीचा दरही थोडा चढला. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत दरमहा रोख दिली होती; सुरुवातीला मोठ्या माणसाला २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. कोणतीही अट नव्हती. तिथेही मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे आणि जनावरांकडे ओढा दिसला. पैसे मिळाले की माणूस काम सोडतो ही समजूत अशा घरांत खरी ठरत नाही. तो दुसऱ्याचं काम थोडं सोडतो, हे मात्र खरं, आणि बागायतदारांची कुरकुर बहुधा त्यातूनच येते.

दुसरी नाजूक वेळ सुगीची. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात भात निघतं, दिवाळी तोंडावर असते, किराणावाल्याची वही थकलेली असते. मग खळ्यावरच चार क्विंटल भात जातं. उदाहरणादाखल हिशेब करू: २,२०० रुपये क्विंटलने चार क्विंटलचे ८,८०० आले. त्याच चार क्विंटलांचे भरडून अडीच-पावणेतीन क्विंटल तांदूळ होतात. पुढच्या आषाढात तेवढाच तांदूळ दुकानातून ४५ रुपये किलोने आणायचा तर सव्वाअकरा हजारांवर जातात. भरडाई आणि ने-आण वजा केली तरी दोन हजारांचा फटका, तोही ८,८०० रुपयांवर आठ महिन्यांत. घाईने विकलेलं भात हेही एक महागडं कर्जच आहे, फक्त त्याची वही नसते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात दहा हजार असतील तर ते चार क्विंटल कणगीत राहतं. अट एवढीच की भात दाताखाली कटकन फुटेल इतकं वाळलेलं हवं, आणि कणगी जमिनीला आणि भिंतीला चिकटून नको. पश्चिमेकडच्या ओलीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. केनियात मक्याच्या बाबतीत सुगीला कर्ज देऊन हाच प्रयोग झाला. लोकांनी धान्य थांबवलं, नंतर चढ्या भावात विकलं आणि फायदा झाला. त्यात एक मेख होती. जिथे बऱ्याच जणांना कर्ज मिळालं तिथे नंतरचा भावच तेवढा चढला नाही आणि प्रत्येकाचा फायदा कमी झाला. एका घराला मदत करताना ही अडचण येत नाही. पण पूर्ण वाडीला द्यायचं मनात आलं तर लक्षात ठेवा.

रेशन या हिशेबात धरायला हवं. प्राधान्य गटातलं कार्ड असेल तर माणशी महिन्याला पाच किलो मोफत, म्हणजे पाच माणसांना २५ किलो. अंत्योदय असेल तर कार्डामागे ३५ किलो. शेतात राबणाऱ्या पाच माणसांच्या घराला महिन्याला पन्नास किलोच्या आसपास धान्य लागतं. म्हणजे रेशनने निम्मं भागतं, निम्मं शेतातून किंवा दुकानातून. कार्डावर आई किंवा धाकटं मूल नसेल तर ते नाव चढवून घेणं ही तुमच्या पैशाआधीची पायरी.

एकदम की महिन्याला, यावर बाहेरचा पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पश्चिम केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेने काही घरांना एकरकमी आणि काहींना दरमहा पैसे दिले. त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दरमहा मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ओढाताण जास्त कमी झाली, एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त केल्या. तिथे मोठी वस्तू म्हणजे गवती छपराच्या जागी पत्रा. हे शाहूवाडीच्या माणसाला समजावून सांगायला नको. कौलं फुटणं, रिपा कुजणं आणि दर मे महिन्यात घर शाकारायचा खर्च इथे ठरलेलाच असतो. थोडक्यात, महिन्याचा पैसा पोटात जातो आणि एकदम आलेला वस्तूत. दोन्ही लागतं, म्हणून दोन्ही मिसळा.

आता म्हैस. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी नको. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची चांगली मुऱ्हा लाखाच्या आसपास जाते. साठ हजारांत मिळते ती कुणाची तरी अडचण असते. समजा आठ लिटरची मिळाली. अंगाला दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो या हिशेबाने तिला रोज साडेपाच किलो पशुखाद्य-पेंड लागते, म्हणजे महिन्याला तीन पोत्यांहून जास्त. वीस-पंचवीस किलो ओला चारा आणि पाच-सहा किलो वाळला. डोंगरी भागात गवत मुबलक वाटतं, पण ते जून ते नोव्हेंबर. फेब्रुवारीनंतर वैरण विकत. लिटरला पन्नासच्या आसपास दर धरला तर महिन्याचे बारा हजार येतात, त्यातले पाच हजारांवर खाद्यालाच जातात, वर वैरण, औषध. आणि हे दहा महिने. नंतर आटते, वेळेत गाभण राहिली नाही तर भाकड काळ लांबतो आणि तेव्हाही ती खातेच. म्हैस घेऊन देणारे बहुतेक जण म्हशीचे पैसे देतात, खाद्याचे देत नाहीत. मग तिसऱ्या महिन्यात खाद्य निम्म्यावर येतं, दूध उतरतं, माज चुकतो आणि दीड वर्षात म्हैस पुन्हा बाजारात.

त्यापेक्षा दावणीला आहे ती भाकड म्हैस आधी तपासा. बऱ्याच वेळा ती वांझ नसते. खनिजांची कमतरता असते, जंत असतात, किंवा माज कळलेलाच नसतो. म्हशीचा माज मुका असतो, रात्री किंवा पहाटे दिसतो, आणि थंडीच्या महिन्यांत जास्त येतो. सप्टेंबरात पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची तपासणी, जंतनाशक आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केलं तर नोव्हेंबरपासूनचे माज पकडता येतात. नोव्हेंबरात भरली तर ३१० दिवसांनी, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात व्याईल, नेमक्या तंगीच्या दिवसांत. त्याचा खर्च नव्या म्हशीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. तपासणीत ती कामातून गेलेली निघाली, तर दुसऱ्या वर्षी म्हशीचा विचार करा आणि तेव्हा किमान तीन महिन्यांचं खाद्य व विम्याचा हप्ता धरूनच रक्कम ठरवा. दुधाचं दहा दिवसांचं बिल ही या जिल्ह्यातल्या छोट्या घराला मिळणारी सर्वांत नियमित रोख आहे, हे मी नाकारत नाही. पण ती मिळवायला आधी घराच्या हाताशी थोडं भांडवल मोकळं हवं.

तर माझी वाटणी, वीस हजारांच्या आसपास खाजगी कर्ज आहे असं धरून:

मे महिन्यात २०,००० कर्जाला. जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ४,००० प्रमाणे १६,०००; यातून लावण, भांगलण, किराणा आणि बेंदूर-गणपतीचा खर्च निघतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १०,०००, भात घरात राहावं म्हणून. उरलेले १४,००० फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ते कशाला हे घरानेच ठरवायचं: घराची डागडुजी, म्हशीचं खाद्य, मुलीची सायकल, काहीही. कर्ज नसेल तर पहिले वीस हजार दोन भागांत तोडा. निम्मे पावसाळ्याच्या चार हप्त्यांत वाढवून द्या, निम्मे आजारपणासाठी आईच्या नावे बाजूला ठेवा. महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च निघाला तरी मलकापूरहून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चार वेळा येणं-जाणं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही, आणि सावकाराची पायरी लोक बहुधा तिथेच चढतात.

रकमेइतकीच तारीख महत्त्वाची. चार हजार येणार हे नक्की माहीत असेल तर भाऊ जूनमध्येच भांगलणीच्या बायका सांगून ठेवेल. कधीतरी आठ हजार येतील अशी आशा असेल तर तो उसनवारीच करेल आणि तुमचे पैसे आल्यावर ती फेडेल. म्हणून तारखा आधीच सांगा, बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा आणि विसरून जा. हिशेब मागू नका. पावत्या मागायला लागलात की तो पैसा तुमचा राहतो, त्यांचा होत नाही, आणि मग खरं काय झालं ते कधीच कळत नाही.

कोणाच्या खात्यावर? गिव्हडायरेक्टलीच्या त्याच अभ्यासात पैसे नवऱ्याला दिले की बायकोला, याने फारसा फरक पडला नाही. तरी माझा कल असा: पावसाळ्याचे चार हप्ते वहिनींच्या खात्यावर, कारण किराणा आणि भांगलणीच्या बायका त्याच बघतात; मोठ्या रकमा भावाच्या. पण आधी दोघांना एकत्र बसवून सांगा. फक्त वहिनींना गुपचूप सांगितलंत तर घरात संशय शिरतो. खातं मात्र असं निवडा जिथे कोणाचं थकलेलं कर्ज नाही, नाहीतर आलेली रक्कम होल्डवर जाऊ शकते. साधं शून्य शिलकीचं जनधन खातं पुरेल.

दारूचं. वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यात आढळलं नाही. बऱ्याच ठिकाणी तो घटला. तुमचा भाऊ आधीपासून रोज पिणारा असेल तर गोष्ट वेगळी. सरासरी त्याच्या कामाची नाही. तेव्हा एकरकमी काही नको, सगळं छोट्या हप्त्यांत वहिनींच्या खात्यावर, आणि शाळेची फी व खाद्याचं बिल तुम्ही परस्पर भरा. पण तो पितो का हे तुम्हाला माहीत असेलच. माहीत नसताना ही शंका काढत असाल तर ती सोडून द्या.

सरकारी पैशांबाबत: पीएम-किसानचे २,००० चे तीन हप्ते आणि राज्याच्या नमो शेतकरी निधीचे तसेच तीन, असे वर्षाला १२,००० या घराला मिळायला हवेत. ते खरंच मिळतात का हे आधी तपासा. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडकडे जमीन अजून आजोबांच्या नावावर किंवा पाच-सहा जणांच्या सामाईक खात्यात असणं सर्रास आहे. वारस नोंद नसेल तर भावाचं नाव सातबाऱ्यावर नाही, आणि नाव नाही तर हप्ता नाही. योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन सहसा चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. म्हणून नोंद आता करूनही फायदा आहे. त्यानंतर फार्मर आयडी, ई-केवायसी आणि आधार-बँक जोडणी. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचे पैसे आलेले असतात, पण आधारशी शेवटी जोडलेल्या कुठल्यातरी वेगळ्याच खात्यात, जे कधीतरी एखाद्या मोहिमेत उघडलं आणि विसरलं गेलं. मायआधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की बँकेचं नाव दिसतं. वहिनींचं लाडकी बहीणचं बघायचं तर, सातबारा त्यांच्या नावावर असून किसान-नमोचे १२,००० त्यांनाच मिळत असतील तर महिन्याला १,५०० ऐवजी फरकाचे ५०० मिळतात. अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या केंद्रात कोणी शंभराला पाच कापत असेल तर ती त्याची कमाई, नियम नव्हे.

हे सरकारी १२,००० आणि तुमचे ६०,००० यांत फरक आहे तो वेळेचा. सरकारी हप्ता चार महिन्यांच्या टप्प्यात कधीही येतो. तो भांगलणीच्या आठवड्यात येईल असं धरून कोणी बायका सांगत नाही.

रोख पैशाने होत नाही त्याचीही कल्पना असू द्या. गवे उतरून रात्रीत नाचणी साफ करतात. त्यावर चार हजारांचा उपाय नाही. उन्हाळ्यात पाणी नाही, पैशाने दीड एकरापुरतं ते येत नाही. आणि परिणाम कायम टिकतो असंही नाही. उत्तर युगांडात तरुणांच्या गटांना व्यवसायासाठी माणशी चारशे डॉलरच्या आसपास एकरकमी दिले गेले होते. चार वर्षांनी त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती, नऊ वर्षांनी कमाईतला फरक जवळपास पुसला गेला, कारण बाकीचेही आपल्या चालीने तिथवर पोचले. तेवढी आधी पोचलेली वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण ‘एकदा देऊन घर मार्गी लागेल’ असं मनात असेल तर तीन वर्षांची तयारी ठेवा आणि दुसऱ्या वर्षापासून वाटणी बदला, कारण कर्जाचे वीस हजार तेव्हा मोकळे झालेले असतील.

शेवटी कराची एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. आयकराच्या व्याख्येत सख्खा भाऊ नातेवाईक आहे, चुलतभाऊ नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर भेट आली तर वरचे दहा हजार नव्हे, पूर्ण रक्कम उत्पन्न धरली जाते. या घरावर प्रत्यक्ष कर बसणार नाही, उत्पन्न तेवढं नाही. तरी पीएम-किसानमधून आयकर भरणारे वगळले जातात, तेव्हा कागदावर उगाच गुंता नको. भावाच्या आईला, म्हणजे तुमच्या चुलतीला, दिलेत तरी तुम्ही तिचे पुतणे, आणि भावंडांच्या मुलांकडून आलेल्या भेटीलाही ती सवलत आपोआप लागू होत नाही. म्हणून सोपा मार्ग म्हणजे साठ हजार दोघांच्या खात्यांत वाटून टाकणे. वरच्या वाटणीत वहिनींकडे १६,००० आणि भावाकडे ४४,००० जातात, दोन्ही पन्नासच्या आत.

कर्ज किती, कोणत्या दराचं, सातबारा कोणाच्या नावे आणि म्हैस शेवटची कधी व्याली, एवढं कळवलंत तर आकडे नेमके करून देतो.